चित्र पूर्ण झाल्यावरचा अर्धा तास

सोमवती अमावस्येला जेजुरीत काढलेला माझा एक फोटो आहे. पायऱ्यांवर गर्दी, वरून उधळलेला भंडारा आणि त्या पिवळ्या धुरळ्यातून अर्धवट दिसणारे, तोंड उघडून 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणणारे एक म्हातारबाबा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो पिवळा असा पेटला होता की मला दम निघेना. घरी पोचलो आणि रात्रीच इंटरनेटवर टाकला. सकाळी फोनवर बघतो तर भंडारा कुठला, ओली माती उडाल्यासारखं दिसत होतं. 'धुळीचा इफेक्ट भारी आलाय,' असं एका मित्राने खाली लिहिलंही होतं.

तो फोटो काढायला मी सहा तास उन्हात उभा होतो. लेन्सच्या कड्यात गेलेली हळद पुढे महिनाभर निघत होती. आणि लोकांसमोर मांडायला मी दिलेला वेळ होता दीड मिनिट.

पूर्वी चित्र झालं की ते फ्रेमवाल्याकडे जायचं. माउंट पांढरा की करडा, काच साधी की चकाकी न येणारी, खिळा कुठे, हे तो विचारायचा. आता ते सगळं काम आपल्याच गळ्यात आलंय, आणि नवखा माणूस ते काम आहे हेच विसरतो. हा लेख त्या कामाबद्दल आहे. फोटो कसा काढायचा किंवा चित्र कसं रंगवायचं हे इथे नाही. ते झाल्यावरचा अर्धा तास कसा घालवायचा, एवढंच.

१. आधी निवडा, आणि एक रात्र जाऊ द्या

जेजुरीत मी चारशेच्या वर फोटो काढले. टाकण्यासारखे तीन होते. ही काही नम्रता नाही, प्रमाण साधारण असंच पडतं. नवीन माणूस मात्र 'हाही बरा आहे' म्हणत दहा टाकतो. बघणाऱ्याला तुमचे सहा तास दिसत नाहीत. त्याला दहापैकी सर्वांत कच्चा फोटो दिसतो आणि तो तिथूनच पुढे सरकतो.

निवड दोन बैठकांत करा. पहिल्यांदा भराभर. हललेले, मिटलेल्या डोळ्यांचे, एकसारखे फोटो बाजूला. दुसरी बैठक दुसऱ्या दिवशी, कारण फोटो काढल्या दिवशी तुम्ही फोटो बघत नसता, आठवण बघत असता. उन्हाचा चटका, गर्दीचा रेटा, म्हाताऱ्याने नंतर पाजलेला चहा, हे सगळं त्या फ्रेममध्ये आहे असं वाटत राहतं. ते नसतं. उरलेले फोटो फोनवर अंगठ्याच्या नखाएवढे करून बघा. तेवढ्या आकारात ज्याचा विषय कळतो तो ठेवा.

डिजिटल चित्र असेल तर चित्र आडवं उलटवून बघा, म्हणजे आरशात दिसेल तसं. क्रिता, आयबिस पेंट, प्रोक्रिएट, चित्रं काढायच्या या सगळ्या ॲपांत हे बटण असतं. चार तास एकच चेहरा काढत बसलं की डोळा त्याला सरावतो. उलटवल्याबरोबर एक डोळा वर आणि जबडा तिरका असल्याचं कळतं. मग तात्पुरतं सगळं करड्या छटांत करून बघा. रंग काढल्यावर माणूस आणि मागची भिंत एकच झाली, तर लोकांनाही ते रंगांसकट गिचमिडच दिसणार आहे.

२. मूळ फाइलला हात लावू नका

टाकायची प्रत वेगळी, मूळ वेगळी. फोटोची कच्ची फाइल (कॅमेऱ्यातली 'रॉ'), चित्राची थरांसकट (लेअर्ससकट) फाइल, या दोन्ही फाइल्स दोन-दोन ठिकाणी ठेवा आणि त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं असू द्या. क्लाउड चालेल, भावाच्या घरची हार्ड डिस्कही चालेल. जेपीईजी उघडून, बदलून, पुन्हा साठवून, असं पाच वेळा केलं की दरवेळी थोडी माहिती गळत जाते. आकाशात चौकटी दिसायला लागतात ते यामुळेच.

आणि व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवलेला फोटो म्हणजे मूळ नव्हे. तिथे फोटो दाबून लहान होतो. पूर्ण फाइल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून जोडा. हे ठाऊक नसल्यामुळे किती जणांनी आपले चांगले फोटो कायमचे बारीक करून घेतलेत, विचारू नका.

३. रंग: माझी हळद माती का झाली

कॅमेऱ्याच्या मेनूत रंगांचा संच निवडायला मिळतो, एसआरजीबी किंवा ॲडोबी आरजीबी. 'दुसऱ्यात रंग जास्त असतात' हे कुणाकडून तरी ऐकून मी तो लावला होता. गोष्ट खरी आहे, त्यात हिरव्या-निळसर रंगांचा पसारा मोठा असतो. पण ते आकडे नीट वाचायला समोरच्या पडद्याला आणि संकेतस्थळाला ती भाषा कळावी लागते. इंटरनेटची सर्वसाधारण भाषा आहे एसआरजीबी. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने ती पुढे आणली आणि साधा मॉनिटर आजही तीच बोलतो. माझ्या फाइलला रंगाची जी चिठ्ठी, म्हणजे प्रोफाइल, जोडलेली होती ती चढवताना गळून पडली, आणि पुढच्या पडद्यांनी माझे आकडे एसआरजीबी समजून वाचले. त्या वाचनात रंग विझतात. आधी पिवळा आणि हिरवा.

उपाय दोन मिनिटांचा. फाइल बाहेर काढताना, म्हणजे एक्स्पोर्ट करताना, 'एसआरजीबीत रूपांतर करा' हा पर्याय निवडा आणि 'प्रोफाइल जोडा' अशी खूण असेल तर ती करा. कच्ची फाइल काढत असाल तर कॅमेऱ्यातल्या त्या मेनूने काही बिघडत नाही, रंगांचा निर्णय एक्स्पोर्टच्या वेळीच होतो. डिजिटल चित्रकारांनी नवा कॅनव्हास उघडतानाच एसआरजीबी घ्यावं. सीएमवायके हा छपाईचा संच, तो पडद्यासाठी नाही.

आणखी एक सोपी गोष्ट, जिला मीही फसलोय: रात्री फोनचा डोळ्यांना आराम देणारा पिवळसर मोड चालू असतो. त्यात रंग जुळवले की दुसऱ्या दिवशी सगळी माणसं काविळीतून उठल्याच्या उलट, निळी-जांभळी दिसतात. रंगाचं काम करताना तो बंद करा आणि पडद्याचा उजेड मध्यम ठेवा.

आता आकार. इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे फक्त चौकोनी फोटो चालायचे, २०१५ पासून उभे-आडवेही चालू लागले. तिथे टाकायचं तर १०८० पिक्सेल रुंद आणि १३५० उंच हा उभा आकार हाताशी ठेवा. फोनवर उभं चित्र जास्त जागा घेतं, इतकं साधं कारण आहे. तुम्ही ६००० पिक्सेलची फाइल चढवलीत तर तिथलं यंत्र ती आपल्या पद्धतीने लहान करणार. त्यापेक्षा स्वतः लहान करा, आणि लहान केल्यावर किंचित धार द्या (शार्पन करा). क्रम उलटा नको. फोटोला जेपीईजी, दर्जा ८५च्या आसपास. सपाट रंगांच्या, ठळक रेषांच्या चित्राला पीएनजी, नाहीतर रेषेच्या कडेला मुंग्या लागल्यासारखे ठिपके येतात.

'डीपीआय ३०० ठेवू की ७२?' हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. पडद्यासाठी दोन्ही सारखंच, पडदा फक्त पिक्सेल मोजतो. ३०० चा संबंध कागदाशी, छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे त्याच्याशी. १०८० बाय १३५० पिक्सेलचं चित्र ३०० ने छापलं तर जेमतेम ९ बाय साडेअकरा सेंटिमीटर भरतं. ए४ कागदासाठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात.

माझ्या भाचीला हे गणपतीत कळलं. ती फोनवर बोटाने चित्रं काढते, स्टायलसही नाही. तिने काढलेला गणपती सोसायटीच्या मंडळाला आवडला, त्यांना तो कमानीवर हवा होता. मी फाइल बघितली तर कॅनव्हास ६०० पिक्सेलचा. 'मामा, मोठा करून दे ना,' म्हणाली. मोठा केला की काय होतं ते दाखवलं तेव्हा तिने सोंड पुन्हा काढायला घेतली. कॅनव्हास सुरुवातीलाच मोठा घ्या. फोनवर मोठ्या कॅनव्हासला थर कमी मिळतात हे खरं आहे, त्यामुळे झालेले थर एकत्र करत पुढे जायची सवय लावून घ्यावी लागते.

४. चित्रात अक्षरं असतील तर

हा भाग इंग्रजीत शिकवणारे कुणी सांगत नाहीत, कारण त्यांच्यावर ही पाळी येत नाही. त्याच भाचीने पाडव्याला गुढी काढली, खाली 'हार्दिक शुभेच्छा' लिहिलं, आणि चित्र पाठवून विचारलं, 'मामा, हे असं काय झालं रे?' 'हार्दिक'मधला रफार कुठेतरी भलतीकडे, वेलांटी 'द'च्या पुढे, आणि 'च्छा'चे दोन तुकडे, मध्ये पाय मोडलेला.

देवनागरीत अक्षरं एकापुढे एक ठेवून भागत नाही, ती जुळवावी लागतात. ते काम सॉफ्टवेअरचं. फोटोशॉपच्या बऱ्याच आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची मांडणी निवडावी लागते, 'वर्ल्ड-रेडी लेआउट' या नावाने ती सापडते. ती निवडली की अक्षरं जागेवर बसतात. तुमच्या ॲपमध्ये असा पर्यायच नसेल तर ओळ दुसऱ्या ॲपमध्ये लिहून, पारदर्शक पीएनजी करून चित्रावर आणा. किंवा सरळ हाताने लिहा. हाताने लिहिलेलं अक्षर चित्रात बहुतेक वेळा जास्त शोभतं.

फाँट निवडताना दोन गोष्टी बघा. पहिली, परवाना. गूगल फाँट्सवरचे 'मुक्त', 'बालू', 'यात्रा वन', 'तिरो देवनागरी मराठी' हे फाँट खुल्या परवान्यावर आहेत, विकायच्या चित्रातही वापरता येतात. त्यातला यात्रा वन तर मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. दुसरी, 'ल' आणि 'श'. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळे. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की आपली वळणं मिळतात. कुणी अडवणार नाही, पण पुण्यातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांची प्रतिक्रिया हमखास येईल, आणि ते बरोबर असतील.

५. फाइलच्या पोटात काय आहे

प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा, लेन्स, वेळ लिहिलेली असते. फोनवर लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही. इन्स्टाग्राम ही माहिती बघणाऱ्याला देत नाही, पण फ्लिकरसारख्या ठिकाणी ती फोटोसोबत राहते आणि दाखवलीही जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलमध्येही ती जशीच्या तशी जाते. त्यामुळे रोज खिडकीतला सूर्यास्त टाकणारा माणूस नकळत घरचा पत्ता वाटत असतो. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन बंद करा, किंवा एक्स्पोर्ट करताना ते काढून टाका. शटर, छिद्र (अपर्चर), लेन्स हे आकडे ठेवायला हरकत नाही, शिकणाऱ्यांना उपयोग होतो.

पक्ष्यांचं घरटं, दुर्मिळ ऑर्किड, सापाचं बीळ यांच्या बाबतीत तर जागा सांगूच नका. 'सह्याद्री' एवढं पुरे. एका फोटोखाली फाट्याचं नाव लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे पंधरा लेन्सा उभ्या राहतात आणि पाखरू घरटं सोडून जातं. मी स्वतः तर घरट्याचे फोटो टाकतच नाही. पिल्लांना भरवणारी मादी कितीही देखणी दिसली तरी.

६. फोटोतली माणसं

वारीत, जत्रेत, विसर्जनाला माणसं फोटोला नाही म्हणत नाहीत. म्हणून त्यांनी हो म्हटलंय असं होत नाही. चेहरा मोठा दिसत असेल तर नंतर जाऊन स्क्रीन दाखवा, 'आजोबा, हा मी इंटरनेटवर टाकू का?' असं विचारा. जेजुरीच्या बाबांनी आधी नीट निरखून बघितलं, मग म्हणाले, 'टाक की. पर गावाचं नाव लिव.' लिहिलं.

लहान मुलांचा चेहरा आईबापांना विचारल्याशिवाय नको. आणि काही फोटो काढले गेले तरी टाकायचे नसतात: चंद्रभागेत किंवा रामकुंडावर अंघोळ करणाऱ्या बायका, दवाखान्याबाहेर रडणारा माणूस, झोपलेला दारुडा. 'स्ट्रीट फोटोग्राफी' हे नाव दिल्याने त्यात फरक पडत नाही.

७. कुठे टाकायचं

सगळीकडे टाकू नका. दोन जागा घ्या: एक लोक जिथे आधीच आहेत ती, आणि एक जिथे तुमचं काम नीट लावून ठेवता येईल ती.

पहिल्यासाठी इन्स्टाग्राम किंवा फेसबुक. फेसबुक म्हाताऱ्यांचं झालं म्हणून तरुण मुलं नाक मुरडतात, पण मराठीत चार ओळींची सविस्तर प्रतिक्रिया मला अजून तिथेच मिळते. दुसऱ्या जागेसाठी फोटोवाल्यांनी फ्लिकर बघावं. २००४ पासून चालू आहे, फुकट खात्यात १००० फोटोंची मर्यादा आहे, अल्बम नीट लावता येतात आणि प्रत्येक फोटोला वेगळा परवाना देता येतो. चित्रकारांसाठी डेव्हियंटआर्ट २००० सालापासून आहे. तिथे नवख्याला लाज वाटत नाही, कारण शेजारी सगळे नवखेच असतात. बिहान्स आणि आर्टस्टेशन या जागा काम मागायला निघालेल्यांच्या. आर्टस्टेशनवर गेम आणि सिनेमासाठी काम करणारे लोक असतात, तिथे पहिल्याच महिन्यात गेलात तर उगाच खचाल. वर्षभराने जा.

एक जागा मात्र मराठी माणसाला फारशी सुचत नाही, आणि माझा तिच्यावर विशेष लोभ आहे: विकिमीडिया कॉमन्स. विकिपीडियाच्या लेखांतली बहुतेक चित्रं तिथून येतात. तुमच्या गावची बारव, वीरगळ, हेमाडपंती देऊळ, वाड्याची गणेशपट्टी यांचा नीट, उजेडातला फोटो तिथे नसण्याचीच शक्यता जास्त. तिथे 'कलात्मक' फोटोपेक्षा स्पष्ट फोटोला मान आहे: समोरून एक, बाजूने एक, शिलालेख असेल तर तिरप्या उजेडात एक. २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेली 'विकी लव्हज मॉन्युमेंट्स' ही स्मारकांच्या फोटोंची स्पर्धा याच व्यासपीठावर चालते. लाइक्स मिळत नाहीत. पण एखाद्या दिवशी तुमच्या तालुक्यावरचा लेख उघडावा आणि वर आपलाच फोटो असावा, याची मजा वेगळी. एक अट नीट समजून घ्या: तिथे टाकलेलं चित्र कुणीही, पैसे मिळवण्यासाठीसुद्धा, वापरू शकतो. नाव मात्र द्यावं लागतं.

८. खाली काय लिहायचं

'क्लिक्ड बाय मी' नको. 'निसर्गाच्या कुशीत...' आणि तीन टिंबं तर मुळीच नकोत. जे चित्रात दिसत नाही ते लिहा. माझ्या फोटोखाली दुसऱ्यांदा मी असं लिहिलं: 'जेजुरी, सोमवती अमावस्या. पालखी कऱ्हेवर स्नानाला निघायच्या आधी. बाबा पहाटेपासून इथेच, याच पायरीवर उभे होते. इथून पालखी सर्वांत जवळून दिसते म्हणे.' पुढे बाबांच्या गावाचं नाव. बस्स. लोकांनी गावाबद्दल विचारलं, पायरीबद्दल विचारलं, एकाने कऱ्हेवरचा स्वतःचा फोटो जोडला.

हॅशटॅग तीन-चार पुरे, आणि निदान एक देवनागरीत. आणखी एक रकाना असतो जो सगळे रिकामा सोडतात: चित्राचं शब्दांतलं वर्णन, ज्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला त्याचा फोन ते वर्णन वाचून दाखवतो. 'जेजुरी फोटो' असं तिथे लिहून काही उपयोग नाही. 'दगडी पायऱ्यांवर दाट गर्दी, हवेत पिवळी हळद, मध्यभागी पांढऱ्या फेट्यातले वृद्ध गृहस्थ दोन्ही हात वर करून' असं लिहा. एकदा लिहून बघा, आपल्याच फोटोत काय आहे ते नव्याने कळतं.

वारली पद्धतीचं चित्र काढलं असेल तर तसं लिहा. ती एका समाजाची कला आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताने ती भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली, त्यासाठी त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आपण त्रिकोणी माणसं काढून 'माझी शैली' म्हणणं बरं दिसत नाही. चित्र एआयकडून करून घेतलं असेल तर तेही सांगा. लोक रागावतात ते लपवल्यावर.

९. हक्क, थोडक्यात पण नीट

भारतात कॉपीराइट मिळवण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. १९५७ च्या कायद्यानुसार चित्र किंवा फोटो तयार झाला की हक्क निर्माण झाला, आणि तो करणाऱ्याच्या आयुष्यभर व पुढे ६० वर्षं राहतो. फोटोंसाठी पूर्वी ही मुदत प्रसिद्धीपासून मोजायचे, २०१२ च्या दुरुस्तीने ते बदललं. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरून तुम्ही काहीही करू शकता. कालपरवाच्या कॅलेंडरवरचं देवाचं चित्र उचलून त्यावर रंगकाम करणं मात्र वेगळी गोष्ट.

दोन बारकावे नवख्यांना माहीत नसतात. एक, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढलात, समजा शेजारच्या लग्नात, आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा. ते फोटो स्वतःच्या पानावर टाकायचे तर आधी बोलून घ्या, शक्यतो लिहून घ्या. दोन, रस्त्यावरच्या इमारतीचा किंवा चौकातल्या पुतळ्याचा फोटो प्रसिद्ध करायला कायदा मुभा देतो, पण भिंतीवर रंगवलेलं चित्र त्या सवलतीत स्पष्टपणे येत नाही. भित्तिचित्राचा फोटो टाकताना रंगवणाऱ्याचं नाव शोधून लिहा, आणि त्याचे टी-शर्ट छापायला तर जाऊच नका.

लोकांनी वापरलं तर चालेल असं वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावा. नाव द्या आणि वापरा, नाव द्या पण धंद्यासाठी नको, नाव द्या पण बदल नको, असे त्याचे प्रकार आहेत. लावण्याआधी रात्रभर विचार करा, कारण एकदा दिलेला परवाना ज्यांनी घेतला त्यांच्याकडून परत घेता येत नाही. स्पर्धेत फोटो पाठवतानाही नियम शेवटपर्यंत वाचा. 'आलेल्या सर्व प्रवेशिका आयोजक कायमस्वरूपी, विनामोबदला वापरू शकतील' असं वाक्य दिसलं तर ती स्पर्धा नव्हे, फोटो गोळा करायची मोहीम आहे.

१०. टाकल्यानंतर

'कसा वाटला?' असं विचारलं की 'मस्त', 'लय भारी दादा' आणि अंगठा, एवढंच येणार. नेमकं विचारा. 'डावीकडचा हात कापायला हवा होता का?' 'मागचा निळा फार ओरडतोय का?' असं विचारल्यावर माणसं खरं बोलतात. आणि दुसऱ्याच्या चित्राखाली तुम्हीही असंच नेमकं लिहा. माझे जे चार-पाच परखड दोस्त झाले ते असेच झाले.

चोरी होणार. धुक्यातल्या घाटाचा माझा एक फोटो वर्षभराने आमच्याच घरच्या ग्रुपवर आला. मावशीने पाठवलेला, वर गुलाबाचं फूल, खाली 'शुभ सकाळ' आणि आयुष्यावरचा सुविचार. मावशीला काय बोलणार! तिला म्हटलं, 'मावशी, हा माझा फोटो आहे.' ती म्हणाली, 'हो का? मग सुविचार पण तुझाच का रे?' दुसरा एक फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दिसला, भाऊंच्या डोक्यामागे. १०८० पिक्सेलचा फोटो दहा फुटांवर ताणलेला. फ्लेक्सवाल्याला पिक्सेलची लाज नसते.

म्हणून मोठी फाइल टाकायची नाही, आणि कोपऱ्यात लहानसं नाव. चित्राच्या मधोमध आडवा वॉटरमार्क लावू नका, चोराला अडवण्यासाठी आपण सगळ्या पाहुण्यांना दारातच उभं करतो. अधूनमधून गूगल लेन्स किंवा टिनआयवर स्वतःचं चित्र शोधून बघा. सापडलं तर आधी साधा, सभ्य निरोप: माझं चित्र आहे, नाव द्या किंवा काढा. माझ्या अनुभवात निम्मे लोक एवढ्यावर ऐकतात. नाही ऐकलं तर त्या व्यासपीठाचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. मूळ मोठी फाइल किंवा थरांची फाइल तुमच्याकडे असणं हा सर्वांत चांगला पुरावा, दुसरा मुद्दा सांगितला तो यासाठीही. तुमचं चित्र एआयच्या प्रशिक्षणात जाण्याची चिंता असेल तर शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेलं ग्लेझ हे साधन वापरून बघू शकता. ते चित्रात सहज न दिसणारे बदल करून शैलीची नक्कल अवघड करतं. पूर्ण कवच नाही, आणि सपाट रंगांवर त्याचे व्रण दिसतात.

थोडं नाव झालं की विचारणा येऊ लागतात. 'पैसे नाहीत, पण एक्सपोजर मिळेल' याला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा. माझं ठरलेलं आहे: देऊळ, शाळा, वाचनालय असेल तर फुकट, दुकान असेल तर पैसे. त्याहून सावध राहायचं ते गोड निरोपांपासून. परदेशातून कुणीतरी लिहितं की तुमच्या फोटोवरून मला चित्र रंगवायचंय, पाचशे डॉलर देतो. किंवा तुमची सगळी चित्रं एकदम विकत घेतो, फक्त या संकेतस्थळावर खातं उघडून आधी थोडं शुल्क भरा. भाचीलाही असा एक निरोप आला होता. त्या माणसाने ॲडव्हान्स म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, 'स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.' तिने पिन टाकायच्या आधी मला फोन केला म्हणून बरं. यूपीआयवर पैसे येताना पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत.